सोलापूर ते फ्रँकफर्ट : विमान ९ तास, प्रवास ३२ तास!



व्हिडिओत बोर्डवर केलेलं गणित इथे पुन्हा मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

जर्मनीत फ्रँकफर्टला दर जानेवारीत 'हाइमटेक्स्टिल' हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. आपल्या सोलापूरचे टॉवेलवाले तिथे जातात. आमच्या बॅचमधला एक जण पहिल्यांदाच निघाला होता. तिकिटावर ७ तारीख, वेळ ०२:३०. हा म्हणतो, "सर, ७ ला सकाळच्या गाडीने मुंबईला निघतो." मी म्हटलं, "अरे, तोवर तुझं विमान गेलेलं असेल!" रात्री १२ नंतर तारीख बदलते. म्हणजे ६ लाच निघायला हवं. तिकीट, स्टॉलचं भाडं, ठरलेल्या भेटी, सगळं एका तारखेवर पाण्यात गेलं असतं.

१) अंतर
मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर सुमारे ६,६०० कि.मी. विमानाचा वेग ताशी साधारण ८५० ते ९०० कि.मी. भागाकार केला तर आठ तासांच्या आत उत्तर येतं. पण टेक-ऑफ आणि लँडिंगला वेळ जातो, काही ठिकाणी वळसा पडतो, आणि पश्चिमेकडे जाताना वरचा जोरदार वारा समोरून येतो. म्हणून ९ तास धरा. येताना तोच वारा पाठीशी असतो, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो.

२) घड्याळ
समजा, तिकिटावर निघायची वेळ ०२:३० आणि पोचायची ०७:०० आहे. मग प्रवास साडेचार तासांचा? नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथले सकाळचे ७ म्हणजे आपले साडेअकरा. झाले ९ तास.

३) दारापासून दारापर्यंत
- ६ तारीख, पहाटे ५:१५ : घरातून निघाला
- सकाळी ६ च्या सुमारास वंदे भारत, ४५५ कि.मी., साधारण साडेसहा तास
- दुपारी मुंबई, रात्री ११:३० ला विमानतळावर (३ तास आधी)
- ७ तारीख, ०२:३० : उड्डाण
- तिथले सकाळी ७ : उतरला
- तिथले ९ : इमिग्रेशन, सामान उरकून हॉटेलवर (आपले दुपारचे दीड)

एकूण ३२ तास १५ मिनिटं. त्यात हवेत फक्त ९. रात्रीची झोप मोडलेली असते, म्हणून त्या दिवशी सकाळी ग्राहकाची भेट ठेवू नका. पेंगत बोललात तर भावात हमखास मार खाल.

४) फोनची वेळ
मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. म्हणजे उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचाच. आपल्याकडे दुपारी अडीच वाजता फोन केलात तर तिथे हिवाळ्यात १० आणि उन्हाळ्यात ११ वाजलेले असतात. दोन्ही वेळा ऑफिस चालू! पण आपल्या सकाळी १० ला फोन लावलात, तर हिवाळ्यात तिथे पहाटेचे साडेपाच. झोपेतून उठवलेला माणूस ऑर्डर कशी देईल?

गृहपाठ : तुमच्या ग्राहकाचं शहर घ्या आणि अशीच घरापासून हॉटेलपर्यंतची यादी करा. तिकीट काढायच्या आधी, नंतर नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!