तुकारामांचा विषाद : भक्तीपूर्व की भक्तिगत?

तुकारामांच्या चरित्रात विषाद आणि भक्ती यांचा संबंध बहुधा पूर्वोत्तर क्रमाचा मानला जातो. दुष्काळ, आप्तांचे मृत्यू व व्यापारातील दिवाळे यांतून वैराग्य आणि वैराग्यातून साक्षात्कार, अशी ही मांडणी आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ (१९३३) या ग्रंथात ख्रिस्ती गूढवाद्यांची ‘आत्म्याची काळरात्र’ ही संकल्पना तुकारामांना लावली, ती रात्र सरून पहाट होते याच अर्थाने. तथापि गाथेतील साडेचार हजारांहून अधिक अभंग कालानुक्रमे लावलेले नाहीत. त्यामुळे अंधार आधी व प्रकाश नंतर हा क्रम संहितेचा नसून अभ्यासकाचा ठरतो.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. संतांच्या परिभाषेत ‘उदास’ म्हणजे प्रायः अनासक्त. आजच्या मराठीत तो खिन्नतेचा वाचक आहे. म्हणून विषादाचा शोध या शब्दात न घेता अभंगांतील भावस्थितीत घ्यावा लागतो.

आत्मचरित्रपर अभंगात तुकाराम दुष्काळात अन्नावाचून पत्नी गेल्याचे सांगतात आणि व्यवसायात तूट येताच जिवाला लाज वाटली, असेही सांगतात. १६३० च्या सुमाराच्या या आपत्तीतील दुःख केवळ वियोगाचे नाही. कुटुंबाचे पोषण हे ज्याचे कर्तव्य, त्या कर्त्या पुरुषाची ती नामुष्की आहे. अशा पुरुषाला रडण्यास प्रपंचात जागा नसते. भक्तीने ती भूमिकांच्या रूपाने दिली. विठ्ठलाला माउली म्हणताना भक्त लेकरू होतो. सासरी निघून माहेराकडे वळून पाहणाऱ्या लेकीच्या दृष्टांतात तो स्त्रीचे मन धारण करतो. खिन्नता तशीच राहते. तिला संबोधनासाठी कोणीतरी मिळते.

ही खिन्नता भक्तिजीवनाच्या आतही टिकून होती, याला वह्यांचा प्रसंग साक्षी आहे. वह्या इंद्रायणीत बुडाल्यावर तुकारामांनी तेरा दिवस निर्वाण मांडले, असे परंपरा सांगते. तेव्हा ते कवी व कीर्तनकार म्हणून प्रस्थापित होते. म्हणजे ही निराशा उंबरठ्यावरची नसून गाभाऱ्यातली आहे.

विल्यम जेम्स यांच्याशी तुलना येथे उद्बोधक ठरते. धर्मानुभवावरील व्याख्यानांत (प्रकाशन १९०२) ‘रुग्ण आत्म्या’चे विवेचन करताना त्यांनी भयग्रस्त खिन्नतेचा स्वतःचाच अनुभव एका फ्रेंच पत्रलेखकाच्या नावावर घातला, तो आपला असल्याचे त्यांनी पुढे मान्य केले. विद्वान पुरुषाला जे परक्या नावाआड ठेवावे लागले, ते देहूच्या वाण्याने ‘तुका म्हणे’ या नाममुद्रेसह कीर्तनात सर्वांसमक्ष मांडले. हे धैर्य व्यक्तीचे आहे, तसेच ते वारकरी परंपरेने सिद्ध केलेल्या भाषेचेही आहे. सबब करुणापर अभंगांना साधनेची ओलांडलेली पायरी न मानता, भक्तीचे एक स्थायी अंग म्हणून त्यांचे अध्यापन व्हावे, हे अधिक संहितानिष्ठ होय.