पिस्टनचा कार्बन काढताय? कास्टिक सोडा लांब ठेवा

मंडळी, होड्या वर ओढल्या की इंजिनं उघडायचे दिवस येतात. वडोदऱ्यात आपल्या कित्येक घरांच्या ओसरीवर आत्ता हेड, गॅस्केट आणि नटबोल्ट पसरले असतील. म्हणून आज पिस्टनवरच्या कार्बनबद्दल.

आधी आमची फजिती सांगतो. होडीच्या डिझेल इंजिनाचा पिस्टन आम्ही घरीच काढला होता. माथ्यावर दगडासारखा काळा थर. खरवडायचा कंटाळा आला, म्हणून गरम पाण्यात कास्टिक सोडा कालवून त्यात बुडवला. पाणी फसफसलं तेव्हा वाटलं, वा, कार्बन सुटतोय! सुटत होता तो पिस्टनच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि कास्टिक ॲल्युमिनियम खातं. वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे. जवळ बिडी पेटवली असती तर भडकाच. रिंगांच्या खाचांच्या कडा झडून गेल्या, पिस्टन भंगारात.

तेव्हापासून आम्ही घासलेटात किंवा डिझेलात रात्रभर बुडवून ठेवतो आणि सकाळी बांबूच्या चपट्या कामटीने खरवडतो. माथा लवकर साफ होतो, खाचा मात्र चिवट. तिथं मेकॅनिक जुन्या तुटक्या रिंगचा तुकडा वापरतात. आपणही वापरावा, पण त्याची धार आधी मारून घ्या आणि जोर करू नका. खाच रुंद झाली तर नवी रिंगही आत डुगडुगते आणि कॉम्प्रेशन गळतं. पॉलिश पेपर तर पिस्टनच्या अंगाला लावूच नका. ऑइल रिंगच्या खाचेत बारीक भोकं असतात, तेल खाली परतायची ती वाट. मऊ तांब्याच्या तारेने मोकळी करा.

एक गोष्ट पिस्टन बाहेर ओढायच्या आधीची. लायनरच्या वरच्या तोंडाशी कार्बनचं कडं जमतं. ते अगोदर काढा, नाहीतर पिस्टन वर येताना रिंग अडकून मोडते. रिंग बिडाची, जास्त फाकवली तरी टचकन तुटते. कुठली कुठल्या खाचेतली आणि वरची बाजू कुठली, खूण करून ठेवा. परत बसवताना रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

आता हा कार्बन आला कुठून? बऱ्याचदा आपल्याच सवयीतून. जाळं टाकताना, ओढताना इंजीन तासन्‌तास स्लोवर चालतं, आत पुरेशी उष्णता होत नाही, डिझेल अर्धवट जळतं. अधूनमधून लोडवर चालवा. तरीही काळा धूर असेल तर एअर फिल्टर बघा आणि इंजेक्टर टेस्ट करून घ्या, तो ठिबकत असेल.

जोडल्यावर पहिली काही मिनिटं निळसर धूर येतो, बसवताना लावलेलं तेल जळतं ते. अर्ध्या तासानेही निळाच राहिला तर तेल वर चढतंय. रिंगा पुन्हा तपासा. तोवर होडी महीच्या मुखाकडे नेऊ नका. तिथली ओहोटी बंद इंजिनाला किनाऱ्याला लागू देत नाही.