मूत्रपिंडाचा विकार आणि कुत्र्याचे रक्त



संस्थेच्या स्मरणिकेत कुत्र्याच्या आजारावर लेख कशासाठी, असे काहींना वाटेल. निमित्त आहे विहाराच्या आवारातील मोती. एका पावसाळ्यात त्याच्या नाकातून रक्त येऊ लागले. आम्ही ओला फडका ठेवला आणि वेदना कमी व्हाव्यात म्हणून घरातील अंगदुखीची गोळी भाकरीत घालून दिली. मोती वाचला नाही. त्याचे मूत्रपिंड आधीच निकामी होत आले होते, असे पशुवैद्यकांनी नंतर सांगितले. पहिल्या शीलाचे पालन करायला नुसती दया पुरली नाही. त्यानंतर विचारून-वाचून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

मूत्रपिंडात सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर जातात, प्रथिने मात्र रक्तातच राहतात. हे काम बिघडले की दोन परस्परविरुद्ध संकटे उद्भवतात.

पहिले रक्तस्रावाचे. टाकाऊ द्रव्ये रक्तात साचली की बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, मंदावतात. त्यांची संख्या पुरेशी असूनही त्या जखमेला नीट चिकटत नाहीत. मग हिरड्यांतून रक्त येते, आतड्यात रक्त गेल्याने शौचास काळे होते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या बिंबिकांना आणखी दुबळे करतात. आयबुप्रोफेन तर जठराला जखमा करते आणि मूत्रपिंडालाही इजा पोहोचवते. आमची चूक हीच.

दुसरे संकट याच्या उलट. गाळणी फाटल्यासारखी झाली की मूत्रातून प्रथिने वाहून जातात. त्यांत अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिनही असते. रक्त नको तेथे गोठू नये म्हणून लगाम घालणारे ते हेच. लगाम सुटला की गुठळ्या होतात. फुप्फुसात गुठळी अडकल्यास कुत्रा एकाएकी धापा टाकतो; महारोहिणीच्या टोकाशी अडकल्यास मागचे पाय लुळे पडतात. येथे मात्र पशुवैद्यक मोजून-मापून गुठळीरोधक औषध देतात. म्हणजे एकाच अवयवाच्या रोगात एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष. म्हणूनच तपासणीवाचून गोळी देऊ नये.

गंमत अशी की गुठळीरोधक हेपॅरिन १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतातच सापडले. आज माणसाच्या डायलिसिसमध्ये ते वापरले जाते. पण ते काम करते अँटिथ्रॉम्बिनच्याच साहाय्याने. ते प्रथिन वाहून गेलेल्या कुत्र्यात त्याचा प्रभाव कमी पडतो.

आपल्या नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात कुत्र्यांच्या अंगावर गोचीड सर्रास दिसतात. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया जंतूमुळे बिंबिका घटतात, नाकातून रक्त येते आणि पुढे मूत्रपिंडाच्या गाळण्याही बिघडू शकतात. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही मूत्रपिंड व रक्त दोन्ही बिघडवतो. तो माणसालाही होतो, म्हणून आजारी कुत्र्याचे मूत्र उघड्या हाताने पुसू नये.

रक्तातील क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यशक्ती संपलेली असते. मूत्रातील प्रथिनांची तपासणी बऱ्याचदा आधी इशारा देते. कुत्रा जास्त पाणी पिऊ लागला, वारंवार मुतू लागला, खंगला, तोंडाला दुर्गंधी आली, तर थोडे मूत्र स्वच्छ बाटलीत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

विहारात आता दोन पिल्ले आहेत. दर रविवारी वंदनेनंतर मुले त्यांचे कान, मान आणि बोटांच्या बेचक्या उघडून गोचीड शोधतात.