चार पानांचे झुडूप

आमच्या परसात, न्हाणीचे पाणी जाते तिथे केळीच्या आळ्यालगत, गेल्या पावसाळ्यात एक झुडूप आपोआप उगवले. दिवाळीपर्यंत ते अडीच फूट वाढले. त्याला बारीक पांढुरकी फुले व हिरवी-लाल फळे लागली. त्याचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नव्हते.

भाऊबीजेला आलेल्या एका नातलगांनी मात्र पाहताक्षणी सांगितले, "ही तर सर्पगंधा! अण्णा, तुमच्या रक्तदाबावर रामबाण. मूळ उगाळून घेत चला." आमचे आजोबा रोजच्या गोळ्यांना कंटाळलेले. त्यांनी लगेच सहाण धुऊन ठेवायला सांगितली. मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

नातलगांचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहून सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळातून 'रिसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढले. प्रश्न एवढाच होता, की आमच्या परसातले झुडूप सर्पगंधाच होते काय?

मी कलाशाखेचा विद्यार्थी. प्रारंभी मी पुस्तकातले सर्पगंधेचे चित्र घेऊन झुडपापुढे बसलो आणि काय आश्चर्य, सारे जुळू लागले! मग ध्यानात आले, की नाव आधी मनात धरले म्हणजे डोळे फक्त जुळणाऱ्या खुणाच टिपतात. म्हणून पुस्तक मिटले आणि दिसेल ते वहीत लिहू लागलो.

पान खुडताच पांढरा चीक आला. पाने समोरासमोर नव्हती, एकाआड एकही नव्हती. एकाच पेरावर चार-चार पाने चक्राकार आली होती. अशा मांडणीला मंडलित म्हणतात. पट्टीने मोजली तेव्हा एका मंडलातले मोठे पान ९ सेंटिमीटर भरले, तर लहान अवघे ३. कोवळ्या भागांवर बारीक लव होती. फूल जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे, त्याची नळी आखूड आणि मधे फुगीर. फळ वाटाण्याएवढे, गोल; आधी हिरवे, मग लाल, पिकल्यावर काळे.

चीक व जोडलेल्या पाच पाकळ्या यांवरून कूळ हाती लागले. कण्हेर, तगर, सदाफुली ज्यात येतात ते करवीर कूळ. सर्पगंधाही त्याच कुळातली. येथवर नातलगांचे बरोबर होते.

यानंतर पुस्तक उघडले. सर्पगंधेची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात असतात. तिची फुले लांब नळीची, पांढरी पण गुलाबी झाक असलेली, आणि त्यांचे देठ तांबडे. आमच्या झुडपात यातले काहीच नव्हते. जुळत होते ते तिच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका जातीशी, राउवोल्फिया टेट्राफायलाशी. टेट्राफायला म्हणजे चार पानांची. लिनीअसने १७५३ साली दिलेल्या नावातच तिची खूण आहे. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, आता आपल्याकडे पडीक जागी रानटी वाढते. तिची फळे पाखरे खातात. आमच्या आळ्यापर्यंत ती कशी आली याचा उलगडा त्यातून झाला. शेवटी फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली व विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखविली. त्यांनी तेथील वाळवलेल्या नमुन्याशी ती ताडून पाहिली आणि होकार दिला.

आता कोणी म्हणेल, बहीणच ना ती? हो, आणि रिसर्पिन तिच्या मुळातही असते. खरा धोका तोच आहे. मूळ निर्गुण असते तर उगाळून फार तर श्रम वाया गेले असते. पण कोणत्या मुळात कोणते द्रव्य किती, हे सहाणेवर कळत नाही. त्यातून आजोबांच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू. दोन्ही मिळून रक्तदाब अवाजवी खाली जाऊ शकला असता. शिवाय रिसर्पिनने नाडी मंदावते, मन खिन्न होते. झुडूप खरोखर सर्पगंधा निघाले असते तरी हा धोका टळला नसता.

आठव्या दिवशी मी वही आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, परसात जाऊन एका पेरावरची पाने स्वतः मोजली. "चारच आहेत," एवढेच म्हणाले आणि सहाण देवघरात परत गेली.

झुडूप आम्ही उपटले नाही. शेजारची मुले फळे तोंडात घालतील म्हणून त्याभोवती काटक्यांचे कुंपण मात्र केले आहे. आता परसात नवे काही उगवले, की आजोबा नाव विचारीत नाहीत. "वही आण," म्हणतात.