अंड्यांतील पिलाची शिदोरी

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यास घरचीं माणसें शिदोरी बांधून देतात. कोंबडीच्या पिलासही जन्मापूर्वींच अशी एक शिदोरी मिळालेली असते. ती म्हणजे अंड्यांतील पिवळा बलक. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत अंगणांत चार कोंबड्या बाळगणारीं घरें पुष्कळ आहेत. म्हणून या विषयाचा विचार विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

खुडूक कोंबडीखालीं ठेविलेल्या अंड्यांतून २१ दिवसांनीं पिलूं बाहेर येतें. सुमारें सतराव्या दिवसापासून तें आपल्या भोंवतालचें गर्भजल गिळूं लागतें. पुढें एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीं उरलेला बलक त्याच्या पोटांत ओढला जातो, व जन्मानंतर दोन-तीन दिवस तो त्यास पुरतो. यामुळेंच पहिलें पिलूं निघालें तरी बाकीचीं अंडीं फुटेपर्यंत कोंबडीस बसून राहतां येतें.

परंतु मोठ्या उबवणी केंद्रांत अडचण येते. तेथें हजारों अंडीं एकाच यंत्रांत असतात. आधीं निघालेलीं पिलें मागाहून निघणाऱ्यांसाठीं थांबतात. मग मोजणी, लस, खोकीं व लांबचा रस्ता. इतक्यांत एक-दोन दिवस अन्नपाण्यावांचून जातात. नेमकी याच दिवसांत आंतड्यांच्या अस्तरावरील बारीक लव झपाट्यानें वाढावयाची असते, आणि तिला अन्नाचा स्पर्श लागतो. मांसासाठीं पाळलेला पक्षी पांच-सहा आठवड्यांतच विकला जातो. त्याच्या आयुष्यांत हे दोन दिवस थोडे नव्हेत.

यावर इस्राएलमधील झेहावा उनी व अमेरिकेंतील पीटर फर्केट या शास्त्रज्ञांनीं एक युक्ति काढली व २००३ सालीं तिचें पेटंट मिळविलें. सतराव्या-अठराव्या दिवशीं कवचास सूक्ष्म छिद्र पाडून गर्भजलांत सुमारें एक मिलीलिटर पोषक द्रव सोडावयाचा. पिलूं गर्भजल गिळतें, त्याबरोबर हें अन्नही पोटांत जातें; आंतडीं लवकर तयार होतात व कवच फोडण्याच्या श्रमास लागणारी साखर यकृतांत सांठते. आपल्या देशांतही बरेलीजवळील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेंत असे प्रयोग झाले आहेत. पुष्कळ प्रयोगांत पिलांचें वजन वाढलें. पण द्रव फार तीव्र झाला किंवा सुई चुकली, तर पिलूं अंड्यांतच मरतें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, घरीं अंड्यास सुई लावण्याचा मोह धरूं नका. त्या छिद्रांतून रोगजंतु आंत शिरतात. तें काम निर्जंतुक यंत्रांचें व जाणत्या हातांचें आहे.

मग आपण काय करावें? शिदोरी बांधणारी कोंबडीच आहे. तिच्या खाण्यांत जें नाहीं तें बलकांत कोठून येणार? नुसत्या ज्वारीवर तिला न ठेवतां हिरवा पाला, न बुरसलेली पेंड व शिंपल्यांचा चुरा द्यावा. पिलें निघून अंग सुकतांच त्यांस स्वच्छ पाणी व ज्वारीच्या बारीक कण्या ठेवाव्या, व थंडींत ऊब द्यावी. विकत आणलेलीं पिलें घरीं येतांच प्रथम पाणी पाजावें. पोटांत बलक आहे, उद्यां पाहूं, असें म्हणूं नये. शिदोरी वाटेपुरतीच असते. घर आल्यावर पान वाढावें लागतें.