बरोबरी मागायची रीत

कुंभारवाड्यात पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते. मोबाईलमधलं बुद्धिबळ तेवढं चालू राहतं. जोयड्याच्या या जंगलात मला रोजचा जोडीदार मिळाला तो असा. त्याच्याशी खेळून माझा खेळ सुधारला, पण बरोबरी मागायची सवय बिघडली.

१. संगणकाला त्रास होत नाही, माणसाला होतो. डाव हातातून सुटू लागला की मी दर दोन खेळ्यांनी बरोबरीचं बटण दाबायचो. पुढे दांडेलीत एका स्पर्धेत समोर शाळकरी मुलगी आली. मी तिसऱ्यांदा "बरोबरी?" विचारलं, तशी तिने पंचांना बोलावलं. "सर, हे मला विचारच करू देत नाहीत." पंचांनी मला ताकीद दिली. ती योग्यच होती. उगाच बरोबरी मागत राहणं फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला त्रास देणंच ठरतं. त्या मुलीचा चेहरा मी विसरलेलो नाही.

२. आधी खेळी, मग प्रस्ताव, मग घड्याळ. एकदा विचारलं की शब्द मागे घेता येत नाही. समोरच्याने नकार दिला किंवा खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावला, की प्रस्ताव संपला.

३. यंत्रामागे माणसं बसलेली असतील, तर बरोबरी त्यांच्याकडे मागायची असते. १९९६ साली फिलाडेल्फियात डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या पाचव्या डावात विश्वविजेत्या कास्पारोव्हने २३व्या खेळीनंतर बरोबरी देऊ केली. तेव्हा सामना २-२ असा होता. नकार दिला तो यंत्राच्या संघाने, आणि तो डाव कास्पारोव्हने जिंकला. २००३ साली न्यूयॉर्कला डीप ज्युनिअर या संगणक प्रोग्रामच्या संघाने शेवटच्या डावात त्याचा प्रस्ताव आधी नाकारला, मग काही खेळ्यांनी स्वतःच बरोबरी विचारली. कास्पारोव्हने ती मानली. सामना ३-३ सुटला. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायचं ते नाही म्हणणाऱ्याने, ही रीत मला इथे कळली.

४. यंत्राच्या धाकाने डाव सोडू नका. डीप ब्लूविरुद्धच्याच १९९७च्या सामन्यात दुसरा डाव कास्पारोव्हने सोडला. सततच्या शहाने बरोबरीची वाट होती, हे विश्लेषकांनी नंतर दाखवलं.

५. तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर प्रतिस्पर्ध्याची मनधरणी नको. बरोबरी हा तुमचा हक्क आहे, पंचांकडे मागा.

घरात मुलं मोबाईलशी खेळत असतील तर त्यांना आजच सांगा: बरोबरी एकदा विचारायची. नाही म्हटलं, तर पुढची खेळी करायची.