लगी इसकू

औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि तुझी मामी पदर तोंडाला लावून हसत बसली. तुझ्या साहेबांनी हवानाहून आणलेले तीन चिरूट तुला बक्षीस मिळाले. त्यातला एक तू रिकाम्या पोटी, गच्चीवर उभ्या उभ्या, वीस मिनिटांत संपवलास आणि नंतर पाण्याच्या टाकीला टेकून तासभर बसलास. दरदरून घाम, मळमळ, हातांना कापरं. वर मला विचारतोस, ‘मामा, चिरूटच फार कडक होता, की मीच कच्चा?’ फोनवर उत्तर दिलं नाही, कारण त्यात माझी एक फजिती येते आणि ती अजून मामीच्या कानावर गेलेली नाही. हे पत्र तुझ्यापाशीच ठेव.

मी कॉलेजात होतो. रात्री जेवणं झाली की आमचं टोळकं गुलमंडीवर एका पानठेल्यापाशी उभं राहायचं. आमच्यातला एक मोठ्या ऐटीत सांगायचा, ‘एकशेवीस-तीनशे, किमाम जरा जास्ती.’ म्हणजे तंबाखूचं कडक पान. तोवर मी गोड पान खाणारा. एका रात्री मला काय सुचलं, त्याच ऐटीत मीही तेच सांगितलं. पहिली पिंक टाकेपर्यंत बरा होतो. मग ठेल्यावरचा दिवा हलायला लागला, कानांत गूं सुरू झालं, तोंडाला पाणी सुटलं आणि मी गटाराच्या कडेला खाली बसलो. पानवाल्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याचा काथानं लाल झालेला अंगठा पानावर फिरतच होता. ‘लगी इसकू,’ एवढं म्हणाला, आणि पानं झाकलेल्या ओल्या फडक्याखालचा बर्फाचा खडा काढून दुसऱ्या हातानं माझ्या मानेवर ठेवला. मित्रांनी साखर चारली. पाऊण तासानं मी माणसांत आलो.

तर तुला लागली. चिरूट काही बिघडलेला नव्हता आणि तूही कच्चा नाहीस. तंबाखूतलं निकोटिन हे मुळात विष आहे. पानं कुरतडणाऱ्या किड्यांसाठी झाडानं ते स्वतःत साठवलेलं असतं. शेतात ओली पानं खुडणाऱ्या मजुरांनाही ते कातडीतून लागतं. तोंडात चिमूटभर तंबाखू न घालताही त्यांना चक्कर येते, उलट्या होतात. तेव्हा पहिल्यांदा लागणं हे शरीर ठणठणीत असल्याचं लक्षण समज.

आता तुझं चुकलं काय ते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, म्हणून तो छातीत ओढल्याशिवाय त्यातलं निकोटिन नीटसं मिळत नाही. चिरुटाचा धूर त्याच्या उलट, त्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं. तळहातावर तंबाखूला चुना लावून मळणारा आपला गावाकडचा माणूस हेच करत असतो. त्याला रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण चुन्याशिवाय ‘चढत नाही’ हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माझ्या पानातही चुना होताच. म्हणजे तुझा हवाना आणि माझं एकशेवीस-तीनशे एकाच दारानं आत शिरले. शिवाय एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू भरलेली असू शकते. तो ओढणारे तास-तासभर पुरवतात, जेवण झाल्यावर घेतात, धूर गिळत नाहीत. तू अख्खं पाकीट उपाशीपोटी वीस मिनिटांत संपवलंस!

साहेब म्हणाले ना, ‘खरा शौकीन कडकच ओढतो’? त्यांना विचार, चिरूट वळणारे तरी तसं करतात का? झाडाच्या शेंड्याकडची पानं सगळ्यांत कडक. ऊन त्यांनाच जास्त मिळतं, आणि फुलोरा खुडून टाकला की झाडाचा सगळा जोर पानांत उतरतो. (निपाणीकडे विडीच्या तंबाखूचेही शेंडे खुडतात, ते याचसाठी.) क्यूबात या वरच्या पानाला लिहेरो म्हणतात. नुसत्या लिहेरोचा चिरूट सहसा कुणी वळत नाही. ते पान सावकाश जळतं, म्हणून मधोमध थोडंसं घालतात, आणि जळायला सोपी, सौम्य, खालची पानं त्याच्या भोवती गुंडाळतात. आपल्या मसाल्यात लवंग असते तशी. नुसती लवंग चावून ‘मला चालते’ म्हणणाऱ्याला कुणी सुगरण म्हणत नाही. आपल्या शहराचा नान-खलिया घे. त्यातली मिरची कधी डोक्यात गेली आहे का? पण आठवण दिवसभर राहते.

याच दख्खनची एक गोष्ट सांगतो. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. तिथं त्याला तंबाखू दिसली. 1604 च्या सुमारास त्यानं ती जडावाच्या नळीसकट बादशहापुढे ठेवली. अकबरानं दोन-तीन झुरके घेतले, हकिमांनी नको म्हटलं आणि बादशहा थांबला. दरबाऱ्यांनी मात्र असद बेगाकडून ती मागून घेतली आणि बघता बघता व्यापारी विकायलाही लागले. पुढे 1617 मध्ये जहांगिरानं बंदीचं फर्मान काढलं. काय उपयोग झाला, ते आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीला विचार. मला या गोष्टीतले अकबराचे ते दोन-तीन झुरकेच आवडतात. ज्याला सगळं मागवता आलं असतं, तोच तेवढ्यावर थांबला.

आता जे फोनवर मुळीच सांगता आलं नसतं ते. ‘किमाम जरा जास्ती’ म्हणणारा आमचा तो मित्र. मला लागली त्या रात्री तो सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. त्याला कधीच काही लागलं नाही. लागायचं म्हणजे काहीतरी जागं असावं लागतं, आणि त्याच्यात ते वर्षा-दोन वर्षांतच निजलं होतं. एकशेवीस-तीनशे पुरेना, मग गुटखा आला. जेवायला बसलो की ताटातला ठेचा सगळ्यांत जास्त तो खायचा. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याला घेऊन आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेलो. डॉक्टर म्हणाले, बोटं उभी धरून तोंडात घाला. दोन बोटंही जाईनात. सुपारीनं आतली कातडी पांढरी, चामड्यासारखी ताठ झाली होती. कॅन्सर नव्हता, एवढं नशीब. तेव्हापासून त्याला तिखट सोसत नाही. वरणात हिरवी मिरची नुसती उकळली तरी डोळ्यांतून पाणी येतं. वहिनी त्याचं वरण आधी वेगळं काढते आणि मग फोडणी देते. गेल्या दिवाळीला मी गेलो, तर तो दूधभात चमच्यानं कडेकडेनं तोंडात सरकवत होता आणि माझ्या पानातल्या ठेच्याकडे बघत होता. मला तो घास उतरेना.

म्हणून ‘मला कडक चालतं’ असं कुणी छाती काढून सांगितलं, की मला त्याची कीव येते. चव घेणारं त्याचं काहीतरी गेलेलं असतं, आणि ते गेलं कधी हे त्यालाही कळलेलं नसतं. मीही पान सोडलं ते काही शहाणपणानं नाही. त्या रात्रीनंतर किमामाचा वास आला तरी पोटात ढवळायचं, म्हणून सुटलं.

उरलेल्या दोन चिरुटांचं काय, असंही विचारलं होतंस. साहेबांना परत करू नकोस, वाईट दिसतं. आणि ओढायचे नाहीत, हे मामा म्हणून बजावून सांगतो. मात्र इकडे येशील तेव्हा डब्यात घट्ट बंद करून घेऊन ये. आपल्याकडच्या मे महिन्यात उघडे राहिले तर दोन दिवसांत पापडासारखे मोडतील. नुसत्या पानालाही म्हणे उंची मधासारखा, जुन्या लाकडासारखा वास येतो. मला हुंगून बघायचं आहे. मामीला सांगू, अगरबत्ती आणली आहे.

आईला नमस्कार सांग. गच्चीवर उपाशीपोटी जाऊ नकोस.

तुझा,
मामा